पट, फासे आणि गृहस्थाचा विनय

वर्षावासाच्या दिवसांत संध्याकाळी बुद्धवंदना आटोपल्यावर घरातील मुले सापशिडीचा किंवा बुद्धिबळाचा पट मांडतात, तेव्हा काही उपासकांच्या मनात शंका येते. तथागतांनी खेळ निषिद्ध मानले होते ना? मग बौद्ध कुटुंबाने पट मांडावा काय? या शंकेचे उत्तर पालि वाङ्मयाच्या आधारेच दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या शंकेचे मूळ दीघनिकायातील पहिल्या, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात आहे. श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन काही श्रमण-ब्राह्मण ज्या खेळांत रमत, त्यांची यादीच तेथे आली आहे. 'अट्ठपद' व 'दसपद' म्हणजे ओळीत आठ व दहा घरे असलेले पट. 'आकास' म्हणजे समोर पट नसताना तो मनात कल्पून खेळणे. 'खलिक' म्हणजे फलकावर फाशांनी खेळणे. 'घटिक' शब्दाचा अट्ठकथेतील अर्थ लांब दांड्याने आखूड दांडी टोलविणे असा आहे. तो आपला विटीदांडूच होय. भारतीय खेळांच्या इतिहासाला ही यादी फार मोलाची आहे. परंतु हे विवेचन प्रव्रजितांच्या शीलाविषयीचे आहे, हे विसरता कामा नये. जो दुसऱ्याच्या श्रमाच्या अन्नावर जगतो, त्याचा वेळ त्याचा एकट्याचा राहत नाही.

गृहस्थांचा विनय त्याच निकायातील सिगालोवाद सुत्तात सांगितला आहे. तेथे तथागतांनी जुगाराचे सहा दुष्परिणाम दाखविले. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. असलेली संपत्ती नष्ट होते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र व सहकारी त्याचा अवमान करतात. आणि जुगारी पत्नीचे पोषण करू शकत नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. यांतील प्रत्येक परिणाम पैजेतून उद्भवतो, पटातून नव्हे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयाला स्वतंत्र स्थान दिले, ते उगीच नव्हे.

पैज माणसाला कोठवर नेते, हे विधुरपंडित जातक सांगते. कुरुराज धनंजय पुण्णक यक्षाशी फासे खेळतो आणि हरतो. पुण्णक धनाऐवजी राजाचा अमात्य विधुर मागतो. विधुर राजाचा आप्त की दास, असा प्रश्न उभा राहतो. विधुर असत्य बोलून सुटू शकला असता. पण तो आपण दास असल्याचे सांगतो आणि जिवंत माणूस पणात जातो. ही कथा भारहूतच्या शिल्पांत कोरलेली आहे व अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात रंगविलेली आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसाला वस्तू मानल्याचे भोगले, त्याने ते चित्र थांबून पाहावे.

पट बदलले, पैज मात्र टिकली. पचिसीतून निघालेला ल्यूडो आज भ्रमणध्वनीवर आला, आणि पैसे लावून खेळण्याची चटकही मागोमाग आली. अशा ऑनलाइन खेळांना बंदी करणारा केंद्रीय कायदा २०२५ मध्ये संमत झाला. तथापि सिगालाला दिलेला उपदेश घरात पाळला गेला नाही, तर केवळ कायद्याने घर वाचत नाही.

म्हणून पट अवश्य मांडावा. पण त्यावर पैसा नसावा, आणि हरणाऱ्याची टवाळी नसावी. सापशिडी खेळताना मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. जुन्या मोक्षपटाच्या घरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे असत; तरीही शिडी लाभे ती फाशाच्या दानाने. धम्मात तसे नाही. तेथे प्रत्येक पायरी स्वतःच्या प्रयत्नानेच चढावी लागते.