तोळा, मासा आणि ग्रेन

इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. ताप किती, नाडी किती, श्वास किती, कुठलं औषध किती वाजता दिलं, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. तो तक्ता भरणारीला घड्याळ वाचता यावं लागतं, मिनिटभर न चुकता मोजता यावं लागतं, आकडा लिहिता यावा लागतो आणि बाटलीवरची इंग्रजी अक्षरं ओळखता यावी लागतात. चौथी-पाचवीतल्या मुलाला जमावं एवढंच हे शिक्षण. पण आपल्याकडच्या रुग्णसेवेचा इतिहास चाळला तर एवढ्याशा शिक्षणापाशी कितीतरी बायका अडलेल्या दिसतात. वय उलटून गेल्यावर, हाताला काम असताना, त्यांनी ते कसं मिळवलं, याची ही गोष्ट आहे.

आजाऱ्याची सेवा बायकांना नवी नव्हती. बाळंतपण सुईण करायची, काढे-चाटणं घरातली वडीलधारी बाई करायची, आणि त्यासाठी अक्षराची गरज पडत नव्हती. इस्पितळ आलं आणि हिशोब बदलला. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हापासून शिकाऊ बाईने पाहिलेलं टिपून ठेवायचं, ही रीत पडली. नाइटिंगेलबाई स्वतः आकडेवारीच्या मोठ्या जाणकार होत्या. माणसं किती मेली आणि कशानं मेली, हे मोजल्याशिवाय इस्पितळ सुधारत नाही, हे त्यांनी क्रिमियाच्या युद्धानंतर सरकारला आकडे मांडून पटवलं होतं.

आपल्याकडे पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं, मुंबईत बायकांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये. इमारती झाल्या, पण त्यांत काम करायला हिंदू घरांतली बाई येईना. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे घरच्यांना मंजूर नव्हतं. १८९७ च्या प्लेगाने ही उणीव फार ठळक केली. मुलींना अक्षरं शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

ज्या विधवा आणि परित्यक्ता पोटासाठी हे काम करायला तयार झाल्या असत्या, त्यांच्यापुढे दुसरीच भिंत होती. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पंचविशी-तिशीच्या बाईला पहिलीच्या वर्गात कोण बसवणार?

याचं उत्तर रमाबाई रानडे यांनी दिलं, आणि ते त्यांनाच सुचावं यात नवल नाही. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात न्यायमूर्तींच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. मराठी नवऱ्याकडून शिकल्या, मग इंग्रजी. त्या इंग्रजीपायी घरातल्या बायकांचा रोष सहन करावा लागला, तो त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. मोठ्या वयात शिकणाऱ्या बाईला घरात काय ऐकावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मुंबईत १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, गिडुमल यांनी मलबारींचं जे चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची होती. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. रानड्यांच्या वाड्यातच वर्ग भरू लागले. प्रौढ बायकांना वाचन, लेखन, हिशोब, जमेल तिला इंग्रजी, आणि बरोबर शिवण. १९११ च्या सुमारास ससूनमध्ये परिचर्येचं शिक्षण घ्यायला सेवासदनच्या बायका जाऊ लागल्या. मला या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की मूळाक्षरं आणि वॉर्ड एकाच संस्थेच्या छत्राखाली होते. ‘आधी शिकून ये, मग बघू’ असं कुणी म्हणत नव्हतं. ती कोरी आली तरी चालणार होतं.

या बायकांना इस्पितळात कुठलं गणित भेटत असेल, तेही पाहण्यासारखं आहे. आपण समजतो त्या अर्थाने त्या अडाणी नव्हत्या. बाजारहाट करणाऱ्या, दागिना गहाण ठेवून सोडवणाऱ्या बाईला पाव, निम्मं, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तोंडी येत होतं. तोळा-मासा-गुंज कळत होतं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इस्पितळात मात्र औषधं ग्रेन, ड्रॅम आणि औंसात. साठ ग्रेनचा ड्रॅम, आठ ड्रॅमचा औंस. ऐकायला परकं वाटतं, पण कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. म्हणजे मासा झाला बरोबर पंधरा ग्रेनचा आणि गुंज जवळपास दोन ग्रेनची. क्विनीनची गोळी पाच ग्रेनची असेल आणि साडेसात ग्रेन द्यायचं असेल, तर दीड गोळी. दिडकी ज्या घरात कानावर पडली आहे, त्या घरातल्या बाईला हे कागदाशिवाय येणार. अवघड होतं ते हे तोंडचं गणित कागदावर उतरवणं.

थर्मामीटरचंही तसंच. फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर एका अंशाचे पाच भाग असतात. पारा एकशे एकच्या पुढे तीन रेघा चढला तर तो १०१.३ नसतो, १०१.६ असतो. दशांश अपूर्णांक ज्याने कधी पाहिला नाही, त्याला ही रेघ हमखास फसवते. आणि तक्त्यावरचा चुकीचा आकडा पाहून डॉक्टर औषध ठरवतो.

मग इंग्रजी. इस्पितळातलं इंग्रजी हा एक वेगळाच प्रकार आहे, कारण त्यातलं बरंचसं इंग्रजी नसून लॅटिन आहे. दिवसातून दोनदा म्हणजे ‘बी. डी.’, तीनदा म्हणजे ‘टी. डी. एस.’, लागलं तर द्या म्हणजे ‘एस. ओ. एस.’, ताबडतोब म्हणजे ‘स्टॅट’. गोऱ्या डॉक्टरलाही हे पाठच करावं लागे. म्हणजे या बाबतीत शिकून आलेला आणि वयाच्या तिसाव्या वर्षी ए-बी-सी गिरवणारी बाई एकाच पायरीवर होते. फरक बाटलीवरच्या नावांत पडायचा. एकसारखी दिसणारी दोन नावं, आणि त्यांतलं एक विषारी. इथे अक्षर न् अक्षर वाचता येणं हा रुग्णाच्या जिवाचा प्रश्न होता, आणि म्हणूनच शिक्षणाची अट निव्वळ जाच होती असं मी म्हणणार नाही.

पुढे अट कायद्यात आली. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला, आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा. धंद्याला प्रतिष्ठा आली ती या कायद्यांमुळे. पण प्रवेशाची पायरीही उंचावत गेली. शाळेत ठरलेल्या वयात, ठरलेल्या इयत्ता पार केलेल्या मुली मिळू लागल्या, तशी तिशीत आलेल्या बाईसाठी जागा उरली नाही. मधल्या काळात मापंही बदलली. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, ग्रेन-ड्रॅम जाऊन मिलिग्रॅम-मिलिलिटर आले, आणि नोकरीत मुरलेल्या सिस्टरांनाही पुन्हा गणित शिकावं लागलं.

याच्या नेमकी उलट वाट १९७० नंतर जामखेडला निघाली. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं तेव्हा शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकेनात. मग गावानेच आपली बाई निवडावी असं ठरलं. निवडल्या गेलेल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या, बऱ्याच दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, चित्रं पाहून, गाणी म्हणून, पुन्हा पुन्हा सांगून शिकायच्या आणि गावात जाऊन ते करायच्या. या भागात १९७१ मध्ये हजारातली १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये तो आकडा ५२ वर आला. त्यातल्या कितीतरी जणी अक्षरं शिकल्या त्या नंतर, काम करता करता. सेवासदनात अक्षर आधी आणि सेवा मागून. इथे सेवा आधी.

पण अंकाशिवाय काही कामं अडतातच, आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गडचिरोलीचं आहे. लहान मुलाला न्युमोनिया झाला आहे का, हे त्याचे मिनिटाचे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ आणि त्याहून मोठं, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, ही धोक्याची रेषा. गावातल्या सुइणींना दहा-बाराच्या पुढे सलग मोजणं जड जात होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी यावर एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, बाळाच्या वयाप्रमाणे. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळाला औषध हवं. माळ ओढणाऱ्या हाताला हे शिकवावं लागलं नाही. पुढे नवजात बाळांच्या घरोघरच्या देखभालीसाठी त्यांनी पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका घेतल्या. त्या बाळाचं वजन करीत, नोंदी ठेवीत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

२००५ मध्ये देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. आशाताईसाठी सुरुवातीची अट आठवीची होती, तीही सैल करता येण्याजोगी. हळूहळू तिच्या पिशवीत वजनकाटा आला, थर्मामीटर आला, हातात नोंदवह्या आल्या आणि मग मोबाइलवर माहिती भरायचं काम आलं. आता तिलाच नर्सबाई व्हायचं असेल तर? सहायक परिचारिकेच्या म्हणजे एएनएमच्या प्रवेशाला बारावी लागते. दहा-पंधरा वर्षं बाळंतिणींची घरं पालथी घातलेल्या आठवी पास बाईला आधी दहावी करावी लागते, आणि दहावीत माणसं कुठे अडतात हे सांगायला नको. गणित आणि इंग्रजी.

इंग्लंडातही रुग्णालयातल्या मदतनीस बायकांपुढे हेच दोन विषय उभे होते. तिथे २०१० च्या सुमारास ‘फंक्शनल स्किल्स’ नावाची परीक्षा सर्वत्र सुरू झाली. तिच्यातलं गणित हे वेळापत्रक, मापं, टक्केवारी, तक्ता वाचणं असं व्यवहारातलं, आणि इंग्रजी म्हणजे पत्र समजणं, अहवाल लिहिणं. शालेय परीक्षा हुकलेल्या प्रौढाने नोकरी सांभाळून द्यावी अशी ती आहे. ‘नर्सिंग असोसिएट’ या पदाची नोंदणी २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ही परीक्षा अनेक मदतनिसांसाठी पुढची पायरी ठरली. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने एकोणीस वर्षांवरच्या शिकाऊ उमेदवारांवरची या दोन विषयांची सरसकट सक्ती काढली. नर्सिंगच्या नोंदणीसाठी मात्र अक्षर-अंकाची अट ठेवली.

आपल्याकडच्या आशाताईची वाट मुक्त विद्यालयातून जाते, नाहीतर सतरा नंबरच्या फॉर्मातून. सतरा नंबर भरला की आपल्याच लेकीच्या वयाच्या मुलांबरोबर तिला परीक्षेला बसायचं असतं. गणिताच्या दोन पत्रिका असतात, चाळीस-चाळीस गुणांच्या. त्यांत वर्गसमीकरणं असतात, वर्तुळाच्या स्पर्शिकेची प्रमेयं असतात. ज्या गणिताची तिला पुढे वॉर्डात रोज गरज पडणार आहे, ते आपल्या जुन्या अंकगणितातलं त्रैराशिक आहे. पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत संपवायचं आहे, एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? दहा हजार थेंब, चारशे ऐंशी मिनिटं. एकवीस.