कॅन्सर झाल्यावर बीपीची गोळी कशाला?

"आता कॅन्सरच निघालाय, तर आबांच्या बीपीच्या गोळीचं काय घेऊन बसलाय?" बारामती-इंदापूरकडे हे वाक्य नवं नाही. त्यामागचा समज असा, की कॅन्सरचा रुग्ण कॅन्सरनेच जातो आणि रक्तात सूज दाखवणारा सीआरपी वाढला तर तोही गाठीमुळेच. हृदयाचा तिथे काय संबंध?

यातलं अर्धं खरं आहे. गाठ सूज धुमसत ठेवते. जंतुसंसर्गानेही सीआरपी चढतो. पण सूज गाठीमुळे आली म्हणून ती गाठीपुरतीच राहते, हा तर्क कच्चा आहे. सूजेचा निरोप नेणाऱ्या इंटरल्युकिन-6 या प्रथिनाच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवतं, आणि हीच सूज रक्तवाहिनीतला चरबीचा थर ठिसूळ करते, रक्ताची गुठळी घडवते. 2017च्या कँटोस चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेले 10,061 रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल न उतरवता झटके कमी केले, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यूही कमी दिसले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, म्हणून ते सरसकट देता येत नाही. कॅन्सर आणि सूज यांचं मूळही एकच असू शकतं: आपल्याकडची मिश्रीच बघा, तोंडाचा कॅन्सर आणि हिरड्यांची सूज एकाच डबीतून येते. त्यात डॉक्सोरुबिसिनसारखी केमो हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकते.

ही सूज साध्या रक्ततपासणीतही डोकावते. सीबीसीचा घडी पडलेला कागद उघडा. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल 80 टक्के, लिम्फोसाइट 10 टक्के, म्हणजे त्यांचं गुणोत्तर 8. निरोगी माणसात ते साधारण 1 ते 3 असतं. कॅन्सरच्या रुग्णांत ते चढं असेल तर हृदयविकाराने मृत्यूचा धोकाही जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण केमोआधीचं डेक्सामेथासोन किंवा पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शनही हाच आकडा फुगवतं. एका कागदावर निकाल देऊ नये.

उलट बाजूचा उत्साहही मला मान्य नाही. 'सीआरपी उतरवा, हृदय वाचेल' म्हणणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकणं. जन्मतः जनुकांमुळे सीआरपी जास्त असलेल्यांत हृदयविकार वाढत नाही, हे 2011च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलं.

खरी अडचण फायलींची आहे. कॅन्सरची फाइल पुण्याला किंवा बार्शीला, बीपी-शुगरची गावच्या डॉक्टरकडे. दोन्ही एकत्र कुणी बघत नाही. म्हणून केमोला निघताना पिशवीत चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचा ईसीजी ठेवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आबांची बीपीची गोळी बंद करू नका.