ध्येयनिश्चिती, क्रीडेतील

सराव व स्पर्धा यांसाठी नेमके, मोजता येण्याजोगे आणि मुदतीचे साध्य आधीच ठरवून त्याकडे आपले श्रम व अवधान वळविण्याचे खेळाडूचे मानसिक कौशल्य. ध्येयांचे सामान्यतः तीन प्रकार मानतात : पदक वा क्रमांक हे निकालध्येय, स्वतःच्याच पूर्वीच्या वेळेशी वा अंतराशी तुलना करणारे कामगिरीध्येय, आणि पावलांची लय, श्वासावरील ताबा यांसारख्या कृतींवर लक्ष ठेवणारे प्रक्रियाध्येय. यांपैकी पहिले बऱ्याच अंशी प्रतिस्पर्ध्याच्या हाती असते.

या कल्पनेचा उगम क्रीडांगणावर नव्हे, तर कामाच्या जागी झाला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सी. ए. मेस यांचे यासंबंधीचे प्रयोग १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार ‘होईल तितके करा’ अशा मोघम सूचनेपेक्षा नेमके व अवघड, परंतु मनापासून स्वीकारलेले ध्येय अधिक चांगले काम घडविते. लॉक व गॅरी लेथम यांनी १९८५ मध्ये ती क्रीडेला लागू केली. पुढील प्रयोगांत मात्र उद्योगक्षेत्राइतका ठळक परिणाम नेहमी आढळला नाही. त्याचे एक कारण मार्मिक आहे : ज्या गटाला ध्येय दिलेले नसे, त्यातील खेळाडूही मनोमन आपापले ध्येय ठरवून घेत.

या संज्ञा रूढ होण्यापूर्वी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या (ता. कराड) खाशाबा जाधव (१९२६–८४) यांना सहावा क्रमांक मिळाला, गादीवरील कुस्ती व तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्या सरावाचे नव्हते. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. कुस्तीतील अशी प्रगती घड्याळावर मोजता येत नाही. धावण्यात ती येते, त्यामुळे तेथे ध्येयाच्या पायऱ्या उघड दिसतात.

बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील अविनाश साबळे (जन्म १९९४) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. महार रेजिमेंटमधील हे सैनिक २०१७ मध्ये ३,००० मी. स्टीपलचेसकडे (२८ अडथळे व ७ पाणउड्यांची शर्यत) वळले. गोपाळ सैनी यांचा ८ मि. ३०·८८ से. हा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मि. २९·८० से. अशी वेळ नोंदवून तो मोडला. पुढचे साध्य बाहेरून आखलेले होते : टोकिओ ऑलिंपिकसाठी ८ मि. २२ से. ही पात्रतावेळ. ती त्यांनी २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ८ मि. २१·३७ से. वेळेने गाठली. २०२४ पर्यंत राष्ट्रीय विक्रम त्यांनी एकूण दहा वेळा मोडला. सहा वर्षांत वेळ जवळजवळ २० सेकंदांनी उतरली.

टोकिओ येथे (२०२१) त्यांनी ८ मि. १८·१२ से. असा नवा विक्रम केला. तरी आपल्या प्राथमिक शर्यतीत ते सातवे आले आणि अंतिम फेरीस मुकले. दुसऱ्या एका प्राथमिक शर्यतीचा विजेताही त्यांच्यापेक्षा सावकाश धावला होता. कामगिरी साधली, निकाल हुकला. निवड, नोकरी व बक्षिसे पदकांवर अवलंबून असल्याने निकालध्येय खेळाडूवर बहुधा इतरांकडून लादले जाते, आणि अशा शर्यतीची गणना निव्वळ अपयशात होते. ही मोजणी अन्यायाची आहे. घड्याळाला सर्वस्व मानणेही चुकीचेच. जुलै २०२२ मध्ये यूजीन येथील जागतिक अंतिम शर्यत डावपेचांमुळे संथ झाली आणि साबळे ८ मि. ३१·७५ से. वेळेत अकरावे आले. तेथे वेळेचे ध्येय निरुपयोगी ठरते. गटातील जागा राखणे, शेवटच्या फेरीतील वेगबदल ओळखणे अशी प्रक्रियाध्येयेच उपयोगी पडतात.

त्यानंतर काही आठवड्यांतच बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मि. ११·२० से. वेळेत रौप्यपदक मिळविले. १९९८ पासून या शर्यतीची सर्व पदके केनियाकडे जात होती. सुवर्णविजेता अब्राहम किबिवोट केवळ ०·०५ से. पुढे होता. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मि. ९·९१ से. असा विक्रम नोंदवूनही त्यांचा क्रमांक सहावा होता. पुढच्याच महिन्यात त्याच शहरातील ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. तीत ८ मि. १४·१८ से. वेळेने ते अकरावे आले.