बोर्डो मिश्रणातून समजून घ्या भौतिक आणि रासायनिक बदल

फळबागायतदारांना बोर्डो मिश्रण नवं नाही. फ्रान्समधील बोर्डोचे प्राध्यापक मिलार्डे यांनी १८८५ साली द्राक्षावरील केवड्यासाठी ते जगापुढे आणलं. लागतं काय, तर मोरचूद, चुना आणि पाणी. तरीही एकाची फवारणी लागू पडते, तर दुसऱ्याची कोवळी पानं करपतात. बऱ्याचदा घोळ असतो तो टाकीत अर्धवट राहिलेल्या रासायनिक बदलाचा.

भौतिक बदल म्हणजे काय?
रूप बदलतं, पण पदार्थ तोच राहतो. बर्फाचं पाणी होतं, उसाचा रस निघतो, तो भौतिक बदल. मोरचूद पाण्यात विरघळलं तरी ते मोरचूदच असतं. पाणी हळूहळू आटू दिलं, तर तळाशी पुन्हा निळे खडे मिळतात.

रासायनिक बदल म्हणजे काय?
नवा पदार्थ तयार होतो, त्याचे गुणही वेगळे असतात. दुधाचं दही होणं, लोखंड गंजणं, पाचट जळणं ही रोजची उदाहरणं. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो आणि विरलेला चुना तयार होतो. हाही रासायनिक बदलच. म्हणून चुना विरवताना तोंड लांब ठेवा, डोळे जपा.

मोरचूदाचं पाणी आणि चुन्याची निवळी एकत्र आली की आकाशी रंगाचा, बारीक कणांचा साका तयार होतो. हाच नवा पदार्थ पानाला चिकटून बुरशी रोखतो. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळं राहतं, आणि तेच पानं करपवतं.

एक टक्का मिश्रण असं करा
१ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो चांगला चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा कालवा. चुन्याचं पाणी थंड झाल्यावर गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडी किंवा जस्ती नकोत.

विळ्याची परीक्षा
घासून चकचकीत केलेला लोखंडी विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळं तांबं शिल्लक आहे. लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबं बसतं, हाही रासायनिक बदल. अशा वेळी थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. विळा स्वच्छ निघाला की मगच फवारा.

मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं वापरू नका. कोवळ्या फुटीवर प्रमाण कमी लागतं, त्यामुळे आधी कृषी सहायकाचा सल्ला घ्या.

लक्षात काय ठेवायचं?
रंग बदलला किंवा पदार्थ दिसेनासा झाला, एवढ्यावरून ठरवू नका. नवा पदार्थ तयार झाला का, हे बघा. झाला तर रासायनिक, नाही तर भौतिक.