संगणक, विद्युत मंडले आणि विचारशक्ती



मुलगा वा मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेली की "तिथे कॉम्प्युटर आहे ना?" एवढे विचारून आपण निश्चिंत होतो. त्यावर मुले काय करतात, हे मात्र विचारीत नाही. म्हणून हा थोडा इतिहास.

१९६९-७० च्या सुमारास अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन रोहरर या प्राध्यापकांनी वर्गाला एक विलक्षण काम दिले : विद्युत मंडलाचे गणित सोडविणारा प्रोग्राम तुम्हीच लिहा. परीक्षक प्रा. डोनाल्ड पेडरसन, त्यांना तो पसंत पडला तर सारा वर्ग पास, नाहीतर सारा वर्ग नापास! सिलिकॉनच्या इवल्याशा तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर बसविण्याची विद्या तेव्हा आली होती. असे मंडल टेबलावर सुटे भाग जोडून नीट तपासता येईना आणि दर वेळी नवा तुकडा घडवून पाहणे परवडेना. म्हणून आधी कॉम्प्युटरवर मंडलाचे गणिती सोंग उभे करायचे. यालाच सिम्युलेशन म्हणतात. मुले पास झाली. प्रोग्रामचे नाव पडले 'कॅन्सर' (आपल्या अपत्याचे नाव कोणी असे ठेवील काय?). लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने तो पुढे नेला व १९७३ मध्ये 'स्पाइस' जगापुढे आला. विद्यापीठाने तो मागेल त्याला जवळजवळ फुकट दिला, म्हणूनच तो कॉलेजाकॉलेजांत पोहोचला.

बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन. बी.एड.ला आम्ही त्या पाठ केल्या. पाठ करणे ही पहिलीच पायरी! बर्कलेच्या मुलांना वरपर्यंत चढावे लागले, कारण प्रोग्राम त्यांनीच रचला. तयार प्रोग्राम हाती आलेला विद्यार्थी मात्र आकडे भरून, आलेख छापून तळाशीच राहू शकतो.

रेडिओला वीज पुरविणारे साधे मंडल घ्या : चार डायोड व एक कपॅसिटर, ज्याला रेडिओ दुरुस्त करणारे कंडेन्सर म्हणतात. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. डायोडमधून गेल्यावर तिचे १०० उंचवटे होतात व कपॅसिटर ते सपाट करतो. शिक्षकाने विचारावे, कपॅसिटर दुप्पट केला तर? विद्यार्थ्याने आधी वहीत अंदाज लिहावा, मगच प्रोग्राम चालवावा. उंचवटे निम्म्याच्या आसपास येतात, मुलगा खूष. आता म्हणावे, डायोडमधला प्रवाह पाहा. तो कमी वेळ, पण अधिक जोराने उसळतो व डायोडवर ताण येतो. मग कपॅसिटर केवढा घ्यावा? याचे ठरीव उत्तर पुस्तकात नाही. डायोड किती सोसेल, आवाजात गुणगुण किती चालेल, खर्च किती, हे तोलावे लागते. टेबलावर दहा वेळा चुकले तर डायोड जळतील, येथे काहीच जळत नाही. अर्थात सैल डाक सोंगात दिसत नाही, तेव्हा हाती कावीया धरायचाच.

मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पाइसच्याच घराण्यातील प्रोग्रामवर बेतलेला 'ईसिम' विनामूल्य उपलब्ध केला आहे. घरच्या साध्या कॉम्प्युटरवरही तो चालतो. पालकांनो, मुलाने त्यावरचा सुबक आलेख दाखविला, तर अंदाजाची वही आधी मागा.