निरीक्षणाची शिस्त : भारतात प्राणिवर्तनाचा अभ्यास कसा शिकला गेला

प्राणी काय करतो, केव्हा करतो आणि तसे का करतो, यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे प्राणिवर्तनशास्त्र. प्राणिशास्त्राच्या इतर शाखांच्या तुलनेत ही शाखा तरुण आहे. शरीररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विच्छेदनाचा टेबल आणि वर्गीकरण शिकणाऱ्याला संग्रहालयातील नमुने दीडशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होते. वर्तन मात्र नमुन्याच्या बाटलीत टिकत नाही, ते घडते आणि संपते, म्हणून ते शिकण्याचे साधन कोणते, हा प्रश्न या शाखेपुढे आरंभापासून राहिला. भारतात या प्रश्नाची जी उत्तरे वेळोवेळी दिली गेली, त्यांचा क्रम लावला असता असे दिसते की, अभ्यासाची साधने प्रथम ‘काय पाहावे’ हे सांगणारी होती आणि ‘कसे पाहावे’ हे सांगणारी साधने फार उशिरा आली. या दुसऱ्या प्रकारच्या साधनांनीच हौशी निरीक्षकाला अभ्यासक बनवले.

प्राचीन व मध्ययुगीन भारतीय ग्रंथांत प्राण्यांविषयीची माहिती विपुल आहे, परंतु तिचे प्रयोजन बहुधा व्यवहाराचे होते. पालकाप्याच्या नावाने प्रसिद्ध असलेले गजशास्त्र हत्ती पकडणाऱ्याला व पाळणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून रचले गेले, आणि शालिहोत्राची परंपरा अश्वचिकित्सेची होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या शंभर अध्यायांच्या संस्कृत ग्रंथात हत्ती, घोडे, ससाणे, हरणे आणि मासे यांचे वर्णन येते, ते राजाच्या कर्तव्यांच्या आणि करमणुकीच्या ओघात. कोणत्या माशाला कोणते आमिष लागते हे सांगताना त्या माशाच्या सवयींची बारीक जाण ग्रंथकाराला असल्याचे दिसते. मात्र ती जाण कशी मिळवली, हे वाचकाला कळत नाही. जैन पंडित हंसदेव याचा तेराव्या शतकातील ‘मृगपक्षिशास्त्र’ हा ग्रंथ केवळ पशुपक्ष्यांनाच वाहिलेला असल्यामुळे वेगळा ठरतो. त्यात प्राण्यांची वये, स्वभाव, माजाचे काळ आणि गुण यांचे वर्णन आहे, परंतु तेथेही निरीक्षण आणि परंपरागत समज एकाच छंदात बांधले गेले आहेत, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे काढण्याचे साधन वाचकाच्या हाती दिलेले नाही.

या पार्श्वभूमीवर मोगल बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात केलेली सारस पक्ष्यांची नोंद उठून दिसते. लैला आणि मजनू अशी नावे दिलेली सारसांची पाळीव जोडी त्याच्या देखरेखीखाली होती. तिचे मीलन, अंडी घालणे, रात्री मादीने अंड्यांवर बसणे आणि नराने जवळ उभे राहून पहारा देणे, दिवसा नराने उबवण्याची पाळी घेणे, या गोष्टी त्याने प्रत्यक्ष पाहून क्रमाने लिहिल्या. ठराविक प्राण्यांवर दीर्घकाळ नजर ठेवणे आणि घडलेली गोष्ट घडलेल्या वेळेसह टिपणे, या दोन्ही आधुनिक अपेक्षा येथे मोठ्या प्रमाणात पूर्ण होतात. तथापि ही एका जिज्ञासू राजाची वैयक्तिक कामगिरी होती. तिच्यातून शिकवण्याची परंपरा निर्माण झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी भारतीय प्राणिसृष्टीची सूची करण्याचे मोठे काम केले. टी. सी. जर्डन यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला आणि ए. ओ. ह्यूम यांनी १८७२ पासून पक्षिशास्त्राला वाहिलेले नियतकालिक चालवले. या कामाचा पाया बंदूक, कातडी आणि अंडी हा होता. पक्षी कोणत्या जातीचा आहे हे ठरवण्यासाठी तो मारून हाती घ्यावा लागे, आणि त्याच्या सवयींविषयीची वाक्ये वर्णनाच्या शेवटी पुरवणीसारखी येत. या साधनांनी नावे शिकवली. नावांशिवाय पुढचा अभ्यास अशक्यच होता, परंतु मेलेल्या पक्ष्याच्या कातडीवरून त्याच्या जगण्याचा अंदाज बांधता येत नाही.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांच्यात प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. संस्थापकांपैकी ई. एच. एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा. घराभोवतालच्या पाखरांवर आणि किड्यांवर त्यांनी लिहिलेल्या विनोदी निबंधांनी प्राण्याच्या ‘वागण्या’कडे सामान्य वाचकाचे लक्ष वेधले. १८८६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या नियतकालिकातील ‘संकीर्ण टिपणे’ हे सदर या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होते. दूरच्या जिल्ह्यातला वनाधिकारी, चहामळ्याचा व्यवस्थापक किंवा रेल्वेचा अभियंता आपल्या पाहण्यात आलेली एखादी विचित्र घटना तेथे छापून आणू शकत असे, आणि पुढच्या अंकात कोणीतरी तिला दुजोरा देई किंवा तिच्यावर आक्षेप घेई. निरीक्षण ही जाहीर आणि तपासता येणारी गोष्ट आहे, हा धडा भारतातल्या निसर्गप्रेमींना या टिपणांनी दिला. त्यांची मर्यादाही त्यांच्या स्वरूपातच होती. असामान्य ते छापले जाई. रोजचे, पुन्हापुन्हा घडणारे वर्तन कोणी मोजत नसे.

ही उणीव भरून काढणारा पहिला ठळक अभ्यास अलिबागजवळच्या किहीम या गावी झाला. सलीम अली यांनी १९२९ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते, आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांचा माग काढण्याची पद्धतही पाहिली होती. परत आल्यावर मुंबईत नोकरी नसल्यामुळे ते किहीमच्या घरी राहिले, आणि १९३० च्या पावसाळ्यात जवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे त्यांनी सलग निरीक्षण केले. सुगरणीच्या वसाहतीत काही घरटी अर्धवट आणि रिकामी दिसतात. नराने विश्रांतीसाठी बांधलेली जादा घरटी असे त्यांचे स्पष्टीकरण तोपर्यंत दिले जाई. घरट्याच्या आतल्या चिखलाच्या गोळ्यांविषयी तर, पक्षी त्यांत काजवे चिकटवून उजेड करतो, अशी लोककथाच रूढ होती. सलीम अलींनी प्रत्येक घरट्याचा इतिहास स्वतंत्रपणे नोंदवला, तेव्हा वेगळेच चित्र उभे राहिले. नर घरटे शिरस्त्राणाच्या आकाराइतके विणून थांबतो; माद्या येऊन त्याची पाहणी करतात; एखादीने ते पसंत केले तरच तो पुढची अंडकोठी आणि प्रवेशनळी पुरी करतो; मादी अंडी उबवू लागली की तो जवळच दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. अर्धवट घरटी ही नापसंतीची खूण होती आणि सुगरण नर क्रमाक्रमाने अनेक माद्यांशी जोडी जमवत होता. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या शोधासाठी दुर्बीण, आडोसा, नोंदवही आणि रिकामा वेळ यांपलीकडे काही लागले नव्हते. पुढे विजयकुमार आंबेडकर यांनी सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली सुगरणींचाच अभ्यास पुढे नेला, आणि किहीमची वैयक्तिक पद्धत विद्यापीठीय संशोधनाची पद्धत होऊ लागली.

याच काळात युरोपात या शाखेला सैद्धांतिक चौकट मिळत होती. कॉनराड लोरेंझ, निको टिंबर्गेन आणि कार्ल फॉन फ्रिश या तिघांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचा ठरला तो टिंबर्गेन यांचा १९६३चा लेख, ज्यात त्यांनी कोणत्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न वेगळे केले. सुगरण नराचेच उदाहरण घेतले तर, पावसाच्या आगमनाने त्याच्या शरीरात काय बदलते आणि तो विणू लागतो, हा तात्कालिक कारणाचा प्रश्न; विणण्याचे कौशल्य त्याला वाढत्या वयात कसे येते, हा विकासाचा प्रश्न; अशा घरट्यामुळे पिल्ले वाचतात का, हा उपयुक्ततेचा प्रश्न; आणि विणकर पक्ष्यांच्या इतर जातींशी तुलना करता ही सवय कशी उत्क्रांत झाली, हा इतिहासाचा प्रश्न होय. या चारांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी देणे ही नवशिक्याची नेहमीची गफलत असते, आणि म्हणूनच हा लेख जगभरच्या अभ्यासक्रमांत आजही प्रारंभीच वाचला जातो.

भारतात या विचारांना खतपाणी घालणाऱ्यांत जे. बी. एस. हॉल्डेन यांचे नाव घ्यावे लागते. १९५७ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या या जनुकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात पक्ष्यांच्या अहिंसक अभ्यासाचा पुरस्कार करणारा लेख लिहिला. महागडी उपकरणे नसलेल्या देशात पक्ष्याला न मारता मोजणी आणि संख्याशास्त्र यांच्या बळावर उच्च दर्जाचे संशोधन होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे सहकारी सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी माळटिटवीच्या उन्हाळी विणीवर केलेले काम हे त्या म्हणण्याचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक होते.

मोजणी कशी करावी, याची निकड हनुमान वानरांच्या अभ्यासांतून तीव्रतेने पुढे आली. जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांनी साठच्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळ असे पाहिले की, टोळीतील प्रमुख नराला हुसकावून आलेला नवा नर आधीच्या पिल्लांना मारतो. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही अशा घटना नोंदवल्या, आणि अबूच्या वानरांवर काम करणाऱ्या सारा हर्डी यांनी १९७७च्या ग्रंथात मांडले की, पिल्लू गमावलेली मादी लवकर माजावर येत असल्यामुळे हे वर्तन नव्या नराच्या वंशवृद्धीला उपकारक ठरते. टीकाकारांच्या मते मात्र ही गर्दीने व माणसाच्या हस्तक्षेपाने आलेली विकृती होती, आणि हत्या डोळ्यांदेखत फार थोड्या वेळा दिसल्या होत्या. असा वाद सोडवायचा तर दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या पाहिजेत. जीन आल्टमन यांच्या १९७४च्या लेखाने ती सोय केली. जे नजरेत भरेल ते टिपत गेल्यास भांडणे आणि आरडाओरडा जास्त नोंदला जातो व शांत वर्तन निसटते, हे दाखवून त्यांनी नियम घालून दिले : एका वेळी एकच प्राणी निवडून ठरलेल्या मुदतीत त्याचे सर्व वर्तन लिहिणे, किंवा ठरलेल्या अंतराने संपूर्ण टोळीवर नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक जण काय करतो ते नोंदणे. या पद्धतींना अनुक्रमे केंद्रित आणि क्रमवार नमुना-निरीक्षण म्हणता येईल. प्राणिवर्तनाच्या विद्यार्थ्याला क्षेत्रात पाठवण्यापूर्वी आजही प्रथम याच शिकवल्या जातात.

पुढील दशकांत या शिक्षणाला संस्थांचा आधार मिळाला. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या जैविक घड्याळावर काम करत प्राणिवर्तनाचा अभ्यास रुजवला. १९८२ मध्ये डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कागदी गांधीलमाशीच्या एका जातीवर कित्येक दशके संशोधन केले. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचा ठिपका देऊन तिला व्यक्तिशः ओळखायचे आणि मग तिच्या वागण्याची नोंद ठेवायची, ही त्यांची पद्धत किहीमच्या प्रत्येक घरट्याचा स्वतंत्र इतिहास ठेवण्याशी थेट नाते सांगते. २०२१ मध्ये त्यांनी क्षुल्लक खर्चात करता येणाऱ्या प्राणिवर्तन-प्रयोगांवर विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ प्रसिद्ध केला. आयसर कोलकाता येथे अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना अभ्यासविषय केले, आणि त्यामुळे कोणत्याही शहरातील विद्यार्थ्याला आपल्या गल्लीतच प्रयोगशाळा उपलब्ध असल्याचे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण पुण्यात घडले. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेडा राघू या पक्ष्यावर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीच्या दरडीतील बिळात घरटे करणारा हा पक्षी माणूस जवळ असताना बिळात शिरायला कचरतो. परंतु माणसाला बीळ दिसणार नाही अशा जागी त्याला उभे केले, तर पक्षी अधिक सहजपणे आत शिरतो, असे त्यांना आढळले. शत्रूला काय दिसते याचा अंदाज पक्ष्याला येतो का, असा गहन प्रश्न येथे एक माणूस, एक आडोसा आणि मोजणीचे कोष्टक यांच्या साहाय्याने विचारला गेला.

मराठीत या विषयाची सामग्री मुख्यतः वर्णनात्मक राहिली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने आणि कोशांनी वाचकाला प्राण्यांची नावे, सवयी आणि आदिवासींचे ज्ञान दिले, आणि हंसदेवाचा ग्रंथही त्यांच्यामुळे मराठी वाचकापर्यंत पोहोचला. परंतु टिंबर्गेनचे चार प्रश्न किंवा आल्टमनचे नियम उदाहरणांसह शिकवणारी मराठी हस्तपुस्तिका शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या टप्प्यावर सहज हाती येत नाही, म्हणून इंग्रजी न येणारा चांगला निरीक्षक बहुधा टिपणांच्या पायरीवरच थांबतो. पाहण्याची आवड असलेली माणसे या भूमीत कधीच कमी नव्हती, हे ‘मानसोल्लासा’पासून सोसायटीच्या टिपणांपर्यंतचा इतिहास सांगतो, आवडीचे ज्ञानात रूपांतर मात्र तेव्हाच झाले, जेव्हा पाहणाऱ्याने प्रश्न आधी ठरवला, प्राण्याला व्यक्तिशः ओळखले आणि दुसऱ्याला तपासता येईल अशी नोंद ठेवली. या तीन गोष्टींना खर्च लागत नाही. त्या समजेल अशा भाषेत सांगणाऱ्या पाठाची तेवढी गरज असते.