बरणीतली बाग

बोरघाट फोडून १८६३ साली आगगाडीची वाट पुरी झाली. त्या खोदाईत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून स्फटिकांचे झुबके निघाले. जणू दगडालाच फुले आली होती! खडकात झिरपलेल्या पाण्याने ती सावकाश घडविली होती.

असाच देखावा बरणीतही उभा राहतो, रीत मात्र निराळी. जर्मन रसायनज्ञ ग्लाउबरने तो १६४६ साली वर्णिला. सोडियम सिलिकेटच्या पाण्यात मोरचुदाचा खडा टाकला की त्याभोवती पापुद्रा धरतो. आत पाणी शिरते, पापुद्रा फुटतो नि कोंब वर चढतो. १९१०च्या सुमारास फ्रान्सच्या लेद्यूकला त्यात जीवनाचे रहस्य दिसले. पण या कोंबाला ना भूक, ना संतती.

मुले विचारतील, "हे झाड जिवंत आहे का?" वाचकहो, हसून टाळू नका. त्याच प्रश्नापाशी शहाणेही चकले आहेत.